फुगा नको

रेनातो कॉमिकची गोष्ट लिहिण्याआधी ती करून बघायचा. पन्नाशीचा, पोट सुटलेला हा इटालियन लेखक जर्सी सिटीतल्या आमच्या ऑफिसात खुर्चीवरून उडी मारायचा, टेबलाखाली मरून पडायचा आणि पडल्यापडल्याच विचारायचा, "दोत्तोरे, मेलेला माणूस एवढं बोलेल का? काप!"

मी डॉक्टर नव्हतो. इटलीत कुणाही शिकलेल्या माणसाला दोत्तोरे म्हणतात. चित्रांतल्या फुग्यांमध्ये हाताने संवाद लिहायचे, हे माझं काम. मंडळाच्या गणपतीत इंजिनिअर मित्र विचारायचे, "म्हणजे एक्झॅक्टली काय करतोस, यार?" मी विषय बदलायचो.

मिलानमध्ये रेनातोच्या गोष्टींवर एक पिढी वाढली होती. तिथले तरुण लेखक त्याचं बघून लिहायला शिकले होते. इथे ऐंशीच्या दशकात त्याच्या हाती एकच मालिका होती. ती चालली नाही तर परत जायचं. त्याची खरी ताकद मुक्या चौकटींत. तिथे तो स्क्रिप्टमध्ये नुसतं 'सायलेन्स' लिहायचा. म्हणजे फुगा नको. संपादक वैतागायचा, "वाचक काय कोऱ्या जागेचे पैसे देतात?"

वैतागायचो मीही. एका शुक्रवारी त्याने एकच पान मला तीनदा लिहायला लावलं. "ती बाई रडतेय, दोत्तोरे, आणि तुझं अक्षर नटून बसलंय!"

माझं डोकं फिरलं. पुढच्या पानावर तीच बाई नवऱ्याच्या शवपेटीपाशी उभी होती. स्क्रिप्टमध्ये 'सायलेन्स'. मी तिच्या तोंडाशी फुगा काढला आणि आत ठळक लिहिलं, 'सायलेन्स!' संपादक पकडेल, रेनातो तणतणेल, एवढंच मला हवं होतं. संपादकाने पान बघितलंच नाही. अंक तसाच छापून आला. नवऱ्याच्या प्रेतावर खेकसणाऱ्या बाईला वाचक पोट धरून हसले.

संपादकाने आम्हा दोघांना बोलावलं. मी म्हणालो, "स्क्रिप्टमध्ये होतं तेच मी उतरवलं." शब्दशः खरं होतं ते. बायकोलाही मी आजवर याहून जास्त सांगितलेलं नाही.

रेनातो छापलेल्या पानावर वाकला. मग म्हणाला, "त्याची काही चूक नाही. माझंच इंग्रजी कच्चं."

मालिका बंद पडून मिलानला परत जाईपर्यंत तो एकेक वाक्य माझ्याकडे घेऊन यायचा. दारातच उभा राहायचा. "हे बरोबर आहे ना, दोत्तोरे? नक्की?"

"बरोबर आहे," मी म्हणायचो.

आणि तो माझे आभार मानायचा.