मेलेल्या मातीची शाळा

"रावसाहेब, तुमी माती मारलीत की!" मूठभर ओली माती माझ्या नाकापुढं धरून पाटील ओरडले.

मोहोळजवळच्या त्या गावात मी शाळा बांधत होतो. बोर्डाचा ओव्हरसियर. डोक्यावर हॅट, आणि हॅटखाली फारसं काही नाही, असं आमच्या घरचं मत.

दगड जोत्यापुरताच मिळाला होता. वरच्या भिंती मातीच्या, आणि शिवारात सगळी काळी. काळी माती पिकाला सोनं, भिंतीला वैरी. पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते, की पडल्याच भेगा. एक भिंत आधीच फाटली होती. इंजिनियरसाहेबांनी बजावलं होतं, "पुन्हा क्रॅक दिसला तर शाळा शेजारच्या गावाला." तोवर मास्तर मारुतीच्या ओसरीवर वर्ग भरवत होते.

म्हणून मी माती कुटून तिच्यात वाळू आणि भिजवून विरवलेला चुना मिसळला. ओली करून रात्रभर झाकली. सकाळी माती रव्यासारखी मोकळी! चुन्यानं तिची फुगायची खोड मोडते. मला हवं होतं तेच. पण तुडवायला आलेल्या बायका थबकल्या. पायाला चिकटत नाही ती माती मेली, असं तिथं मानत.

"मेल्या मातीत पोरं बसवायची? न्हाय जमायचं," पाटील म्हणाले.

मी इंग्रजी शब्द पेरून लांबलचक व्याख्यान दिलं. पाटील शांतपणे पानाला चुना लावत राहिले. "लई ग्वाड बोलता. कळलं मातर काय न्हाय."

"पाटील, चुन्यानं पान मरतं का हो?"

"रंगतं की."

"मग मातीनंच काय घोडं मारलंय?"

पाटील हसले, पण हलले नाहीत. मग मी नमुन्याला करून वाळवलेले दोन गोळे आणले आणि बादलीत सोडले. नुसत्या काळीचा गोळा बघता बघता विरघळला. चुन्याचा तळाशी धोंड्यासारखा बसून राहिला. पाटलांनी तो काढला, दाबला, बायकांकडं वळले.

"तुडवा गं. जित्ती विरघळती, मेलेली ऱ्हाती!"

पावसाळा गेला, भिंतीला भेग नाही. साहेबांनी छडीनं टोचून पाहिलं, "कॅरी ऑन" म्हणाले. शाळा गावातच राहिली.

दिवाळीनंतर मास्तर सोलापुरात माझ्या दारात हजर.

"ओव्हरसियरसाहेब, तक्रार आहे. नकाशा टांगायचाय, पण भिंतीत खिळा जाईना. एक वाकला, दुसरा उडून माझ्या टोपीत बसला."

उभ्या नोकरीत इतकी गोड तक्रार मला कुणी केली नाही. तेव्हापासून भिंत ओली असतानाच मी खुंट्या ठोकून घेतो.