उरलेल्या आतड्याची सुपरवायझर

चहाचा पहिला घोट घ्यायच्या आधी माझी बायको कमल स्वतःच्या पोटावर टिचकी मारायची आणि म्हणायची, "ए, उठ. शिफ्ट लागली." थेरगावच्या आमच्या चाळीत नवीन भाडेकरू आला की त्याला वाटायचं, ही बाई कामातून गेली. बाई ठीक होती. आतडं गेलेलं होतं.

आतड्याला पीळ पडून ते काळं पडलं, डॉक्टरांनी बरंचसं कापून टाकलं. उरलेल्या तुकड्यातून खाल्लेलं अंगी लागेना. म्हणून दर आठवड्याला दवाखान्यात जाऊन शिरेतून अन्नाची बाटली. ती बाटली सुटणार की जन्माला चिकटणार, एवढाच आमच्या घरात प्रश्न होता.

डॉक्टरीण आमच्या मुलीच्या वयाची. म्हणाली, "मावशी, उरलेलं आतडं शिकतं. आतून जाड होतं, त्याची लव वाढते, गेलेल्याच्या वाटची साखर तेच ओढायला लागतं. पण रोज थोडं थोडं तोंडानं गेलं पाहिजे. रिकामं ठेवलं तर बसून राहतं."

कमलनं माझ्याकडं बघितलं. "म्हणजे रिटायर माणसासारखं."

प्यायला मीठ-साखरेचं पाणी दिलं. मी विचारलं, मीठ कशाला? तर म्हणे, आतड्यात साखर मिठाचा हात धरून आत शिरते.

"ह्यांच्यासारखीच," कमल म्हणाली. "हे पण दवाखान्यात एकटे शिरत न्हाईत."

ती चाकणला एका वर्कशॉपात पॅकिंगची सुपरवायझर होती. नव्या हेल्परला आल्या आल्या भरलेलं क्रेट उचलू द्यायची नाही. आतड्यालाही तिनं तसंच कामाला लावलं. चमचा चमचा पेज, मग मऊ भात. गोडाला हात नाही.

पण शेजारच्या शांताला काळजी फार. डांगे चौकातून उसाचा रस घेऊन आली. "ताकद येईल गं, पी." कमलनं अख्खा ग्लास रिचवला. तिला गोडाची उपासमार झाली होती, दुसरं काय. मग दिवसभर संडास, आणि संध्याकाळी सलाइन. डॉक्टरीण ओरडली, "एवढी साखर त्याला झेपत नाही, ती उलट पाणी ओढून घेते आणि सगळं बाहेर!"

"पोराची चूक न्हाई," कमल पोटावर हात ठेवून म्हणाली. "सुपरवायझरनंच पहिल्या दिवशी अख्खं क्रेट दिलं."

पुन्हा चमच्यापासून सुरुवात. दुसऱ्या वर्षी तिनं वजन धरलं आणि बाटली सुटली. त्या दिवशी तिनं अर्धा कप गोड चहा घेतला आणि आम्ही दोघं संडासाच्या दाराकडं बघत बसलो. काही झालं नाही. "पर्मनंट झालं," ती म्हणाली.

पुढं सहा महिन्यांत ती गेली. हृदयानं. ज्याला कुणी सुरी लावली नव्हती, जे आयुष्यभर आयतं बसून मान घेत होतं, त्यानं नोटीस न देता काम सोडलं. मातीला आलेले लोक म्हणत होते, शेवटी आतड्यानंच नेलं बाईला. मी तिथंच सुनावलं, "आतड्याला नावं ठेवू नका. ते कामावर होतं."

नंतर माझंच खाणं सुटलं. शांता ताट ठेवून जायची, तसंच उचलून न्यायची. काल म्हणाली, "भाऊ, रिकामं ठेवलं तर बसून राहतं म्हणायची ना कमल?"

आज चहा केला. पोटावर टिचकी मारली, म्हणालो, "ए, उठ."

हललं नाही. माझं आतडं शाबूत आहे, पण त्याला माझा आवाज कुठं माहीत! तरी एक चमचा आत ढकलला. आता दुसरा.