केळीच्या चिकाचे हात

काल वर्गात टॅबवर गणिताचा खेळ चालू होता. एक मुलगी बोटं फ्रॉकला पुसत म्हणाली, "बाई, हाताले चीक लागेल आहे. चालीन का?" केळीच्या चिकाचा तो तुरट वास आला आणि मी यावलच्या शाळेत, सहावीत जाऊन बसले.

शाळेत एकच संगणक होता. सर आधी हात तपासायचे. बागेत आईच्या हाताखाली काम करून माझे हात काळे पडलेले, आणि चिकाचा डाग साबणाने जात नाही. त्यामुळे माउस कायम दुकानदाराच्या सुवर्णाकडे. पडद्यावरचा बरोबर उत्तराचा फुगा फोडायचा असे. पाढे मला पाठ, टाळ्या तिला.

एकदा ती अडली. हळूच माझ्याकडे वळली, "तेरा सत्ते?"

"चौऱ्याण्णव," मी मुद्दाम चुकीचं सांगितलं.

तिने बेधडक दाबलं आणि हरली. जागेवर येऊन मला म्हणाली, "तुझं कधी चुकत नाही. संगणकच बिघडला असेल."

त्या दिवसापासून मला तिच्या हातांचा नाही, तिच्या मनाचा हेवा वाटतो.

"चालेल," मी वर्गातल्या त्या मुलीला म्हटलं. तिच्या काळ्या बोटाखाली फुगा फुटला आणि माझ्या पोटात दुखलंच.