मिलिंदचे गुडघे

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग हवाई रसदीच्या स्क्वाड्रनमध्ये झाली. हवाई म्हटलं की लोकांना पायलट आठवतो. निवृत्त होऊन कळंबला आलो तेव्हा मलाही विचारायचे, विमान चालवत होता का. नाही. आम्ही वजन करायचो, बांधायचो, चढवायचो आणि उतरवायचो. बर्फातल्या पोस्टना रस्ता नसतो. तिथल्या जवानाचं रॉकेल, पीठ, अंडी, औषधं, घरचं पत्र, सगळं आमच्या हातून वर जायचं. वरून जे खाली यायचं तेही आमच्याच हातून. खाली बहुतेक माणसं यायची. काही बसून, काही आडवी.

वरच्या हेलिपॅडवर आम्ही तिघं होतो. मी हवालदार. नाईक मिलिंद, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या रस्त्यावर त्याचं गाव. आणि नर्सिंग असिस्टंट जोगिंदर, हरियाणाचा. हेलिपॅड म्हणजे दाबून सपाट केलेला बर्फ आणि त्यावर रंगीत पावडरचा एक गोल. शेजारी फायबरची झोपडी. तिच्यात एक स्टोव्ह, तीन स्लीपिंग बॅगा, एक रेडिओ.

हेलिकॉप्टर तिथं इंजिन बंद करत नाही. इतक्या उंचीवर बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू होईलच असं नाही. पंखा फिरत असतानाच वाकून पळायचं, माल ओढून काढायचा, न्यायचं ते आत घालायचं, अंगठा दाखवायचा. पायलट एक बोट वर करायचा. एक मिनिट. तेवढंच मिळायचं.

मिलिंदची एक खोड होती. तो प्रत्येक वस्तू जेरीकॅनमध्ये मोजायचा. रॉकेलचा भरलेला कॅन हेच त्याचं माप.

"दत्ताभाऊ, तुमी साडेचार. लई जड. परत जाताना तुमाला निम्मं निम्मं न्यावं लागंल."

"आणि तू रे?"

"मी चार. बुटांसकट. जोगिंदर सहा, त्यातलं एक नुसतं तूप."

जोगिंदरला मराठी कळायचं नाही. आम्हाला हसताना बघून तो शिव्या द्यायचा.

त्या हेलिपॅडचा एक रिवाज होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण चार्ज घेताना जुना हवालदार नव्याला सांगायचा. वर कोणी मेला तर रडणं, रिपोर्ट, सगळं नंतर. आधी त्याला सरळ करायचं. हात अंगाला, पाय जुळवून, फळीला बांधायचं. त्या लहान हेलिकॉप्टरमध्ये पायलटशेजारची सीट काढली की एक अरुंद लांब जागा होते. सरळ माणूस तिथं बसतो. वाकडा झालेला बसत नाही, आणि त्या थंडीत झाला तसाच राहतो.

हे मला माहीत होतं. हाच रिवाज मी मिलिंदलाही सांगितला होता.

हवामान सलग खराब होतं. एका सकाळी मिलिंद खोकायला लागला. दुपारपर्यंत थुंकीला गुलाबी फेस आला. फुप्फुसात पाणी. त्यावर औषध एकच, खाली उतरवणं. हेलिकॉप्टर कधी येणार, हे रेडिओवर मी विचारत राहिलो.

"बर्ड कब?"

"वेदर क्लोज्ड. स्टँडबाय."

आडवं केलं की त्याचा श्वास अडकायचा. म्हणून पाठीमागे किटबॅगा लावून बसवला. गुडघे वर घेऊन त्यावर हात, हातावर डोकं. ऑक्सिजनचा मास्क लावला. मध्येच मान वर करून म्हणाला, "भाऊ, आईला सर्दी झाली म्हनून सांगा." नंतर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तसाच बसलेला असताना जोगिंदरनं नाडी बघितली, मास्क काढला आणि माझ्याकडे बघितलं.

"उस्ताद, सीधा कर दें?"

"रुक."

त्यानं मास्क गुंडाळून ठेवला. "उस्ताद, अकड़ जाएगा."

"बोला ना, रुक!"

मला वाटत होतं, त्याचा खांदा हलला. वाऱ्यानं झोपडी हलत होती, त्यात तोही हलत होता, हे मला कळत होतं. तरी मी जोगिंदरला हात लावू दिला नाही. सरळ केला असता तर तो गेला हे ठरलं असतं. बसून होता तोवर पेशंट होता. संध्याकाळी मी स्वतः त्याचा हात धरून ओढला. हात आला नाही. गुडघे आले नाहीत. आम्ही त्याला तसाच उचलून बाहेर ठेवला आणि वर ताडपत्री टाकली.

हवामान उघडलं तेव्हा बरेच दिवस गेले होते. हेलिकॉप्टर आलं. आम्ही रॉकेल काढलं आणि मिलिंदला उचलला. पायलट ओरडला, "वेट?"

"चार जेरीकॅन," माझ्या तोंडून गेलं.

त्यानं मान हलवली. त्याला हिशेब कळला.

तो आत जाईना. गुडघे दाराला अडत होते. फिरवून घातला तर पायलटच्या दांड्याला लागत होते. पायलटनं बोट वर केलं, मग हातानं खूण केली, बाहेर काढ.

"छोड़ दो! नेक्स्ट सॉर्टी!"

पश्चिमेकडून ढग चढत होता. पुढची फेरी म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आदल्या मोसमात एक जवान अख्खा हिवाळा ताडपत्रीखाली पडून होता, आणि त्याच्या घरचे फोटोसमोर बसून होते. मी मिलिंदला बर्फावर ठेवला. बर्फ फोडायची कुऱ्हाड तिथंच पडलेली होती. तिची मागची बाजू वापरली. जोगिंदरनं तोंड फिरवलं. मी त्यालाच खांदे धरायला लावले.

आधी उजवा, मग डावा. पंख्याच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. हाताला कळलं.

मग तो बसला. मी अंगठा दाखवला. त्याच दिवशी आणखी सॉर्टी आल्या आणि आम्ही त्या उतरवल्या. रात्री डाळ-भात खाल्ला. रेशन तिघांचं आलं होतं, तेही उरवलं नाही.

मी त्याच भागातला, म्हणून पेटीबरोबर एस्कॉर्ट म्हणून मलाच पाठवलं. गावात बुद्धवंदना झाली, सलामी झाली. झेंडा काढल्यावर बायकांनी पांढरं वस्त्र घालायला घेतलं. मिलिंदची आई, शांतामावशी, चेहऱ्यावरून हात फिरवत छातीवर आली, मांडीवर आली, गुडघ्यावर थांबली. खालच्या हॉस्पिटलात बांधलेल्या बँडेजवरून तिनं हळूच दाबून बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"साहेब तर सांगत्यात छातीत पानी झालं. मंग पाय कशानं मोडलं?"

माझ्या अंगावर युनिफॉर्म होता. सगळं गाव बघत होतं.

"घसरला, मावशी. पडला."

"लगीच गेला का?"

"लगेच."

मोठा कडा होता, खोल दरी होती, असं गावानं त्यात पुढं घातलं. शाळेत तसंच सांगतात. मी कधी नाही म्हणालो नाही.

मावशी रस्त्याकडेला भीमाशंकरच्या गाड्यांना उकडलेल्या शेंगा विकते. दरवर्षी सुट्टीत, आणि निवृत्तीनंतरही, मी तिच्याकडे जायचो. ती चहा द्यायची आणि एकच गोष्ट विचारायची.

"वरडला आसंल ना रं?"

"नाही, मावशी."

"माजा भाऊ हिरड्याच्या झाडावरनं पडला, मांड्या मोडल्या. दिसभर वरडत व्हता. पाय मोडल्यालं मानूस गप मरत न्हाई, दत्ता. तू मला बरं वाटावं म्हून सांगतुयास."

मी चहा पिऊन निघायचो.

आता माझा टेम्पो आहे. बेल्ह्याच्या बाजारातून जनावरं पोचवतो. यंदाच्या एका बाजारी ओतूरकडच्या व्यापाऱ्यानं म्हैस घेतली. आधीच तीन भरलेल्या. चौथी दारात अडली आणि तिनं बसकण मारली.

"न्हाई बसायची," मी म्हणालो.

"आवो फौजी, बसती! पुढचं पाय मुडपा तिचं. दोरी घ्या न् वढा!" बाजूची चार माणसं हसली. "मिलिट्रीत काय भरत व्हता राव तुमी? पिसं?"

दोघांनी दोर टाकून पाय मुडपला. म्हैस ओरडली. मी सगळ्या म्हशी खाली उतरवल्या. व्यापारी आईबहिणीवर आला. मी रिकामा टेम्पो घेऊन थेट मावशीकडे गेलो.

ती शेंगा निवडत बसली होती. चहा टाकला. कप माझ्या हातात दिला. तिनं विचारायच्या आधी मी बोललो. सगळं, वर लिहिलं तसंच.  सांगून झाल्यावर तिनं विचारलं,

"म्हंजी पडला न्हवता?"

"नाही."

"पाय मोडलं तवा जित्ता न्हवता?"

"नव्हता, मावशी. कितीतरी दिवस आधीच गेला होता."

"मंग त्याला दुकलं न्हाई."

"नाही."

"कंच्या हातानं?"

मी उजवा हात पुढं केला. कप त्याच हातात होता. तिनं तो काढून घेतला आणि चहा अंगणात ओतला.

"इतकी वर्सं म्या रोज त्याला वरडताना आयकला," ती म्हणाली. "निजले की वरडायचा. पानी दे म्हनायचा. आन् तू हितं बसून च्या पिऊन जायचास."

मी हात मागं घेतला. 

"मला एकटीला सांगून भागत न्हाई. गावाला सांग. साळंला सांग. दरीत पडला न्हवता म्हनावं. आन् आता माज्या दारात येऊ नगंस."

ती परत शेंगा निवडायला लागली. मी उठलो.

त्यानंतर मी तिकडे गेलो नाही. भीमाशंकरचं भाडं आलं तरी घेत नाही. जोगिंदरला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मैंने दो बार बोला था, उस्ताद." आणि फोन ठेवला. दोनदा बोलला होता, हे खरं आहे.

मावशीनं सांगितलं म्हणून हे गावासाठी आणि शाळेसाठी लिहून देतो आहे. नाईक मिलिंद दरीत पडला नाही. त्याच्या फुप्फुसात पाणी झालं आणि तो बसल्या जागी गेला. तो ओरडला नाही. आईला सर्दी झाली म्हणून सांगा, एवढंच म्हणाला. त्याचं वजन चार जेरीकॅन होतं, बुटांसकट. गुडघे नंतर मोडले, ते मी मोडले. वेळेवर सरळ केला असता तर तो आईकडे अख्खा आला असता.