भिंतीकडचा वाफा

छापखान्यात सव्वीस वर्षं मुद्रितं तपासून त्या घरी बसल्या, तरी गल्लीत त्यांना सगळे भिंगबाईच म्हणत. छापखान्यात लेबलं छापली जायची. मुरंब्याची, तेलाची, बिस्किटांची, सुपाच्या पुड्यांची. बारीक अक्षर तपासायचं म्हणून बाईंच्या गळ्यात कायम भिंग असायचं, आणि त्या भिंगातून त्यांना नको ते दिसलं होतं. एकच मजकूर, तोच घाणा, तोच डबा, आणि नावं तीन, किमती तीन. एकदा तर गिऱ्हाइकाचा माणूस येऊन म्हणाला, तारीख दोन महिने पुढची घाला. बाईंनी विचारलं होतं, "मला पगार चूक दुरुस्त करण्याचा मिळतो. चूक करण्याचा कोण देणार?" तारीख त्यांनी बदलली नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी बदलली.

तेव्हापासून विकतच्या पुड्यावरचा त्यांचा विश्वास उडाला तो उडालाच. गहू स्वतः निवडायचे, गिरणीत स्वतः उभं राहायचं, आधीच्या माणसाचं पीठ आपल्या डब्यात येत नाही ना यावर डोळा ठेवायचा. पाव घरी, दही घरी, लोणी घरी, टोमॅटो उकळून गाळून बाटल्या भरायच्या त्याही घरी. परगावी असलेला मुलगा सुट्टीला यायचा तो बॅगेच्या तळाशी बिस्किटांचा पुडा लपवून. आईला तो सापडायचाच.

भाजीसाठी परसदार होतं. घर सासऱ्यांचं, जुनं. मागे तीस पावलं लांब मोकळी जमीन. स्वयंपाकघराच्या दाराशी एक वाफा, मधे दुसरा. मुळा, पालक, वांगी, शेंगा, कोथिंबीर. दुपारी निवडलेली भाजी संध्याकाळी ताटात. जास्तीची पाच घरांत वाटायची, आणि देताना सांगायचं, "डोळे झाकून खा. माझ्या हातची आहे." बाईंच्या तोंडून एवढी मोठी हमी दुसऱ्या कशालाच मिळत नसे.

त्या वर्षी त्यांनी तिसरा वाफा काढला, पार मागच्या भिंतीला लागून. तिथे आजवर जुने पत्रे पडून होते. यजमान म्हणाले, कशाला, आहे तेवढं पुरतंय की. यजमानांचं हमरस्त्यावर गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करण्याचं दुकान. माणूस अबोल; समोर येईल ते खाणार, ताट धुऊन ठेवणार. त्यांचा नकार बाईंनी आळसात जमा केला, मजूर लावून पत्रे हलवले आणि पालक पेरला.

पालक चार बोटं वर आला आणि जायला लागला.

आधी दोन-चार रोपं. मग एका सकाळी अख्खी ओळ. मुळासकट उपटलेली, आणि वरून माती सारखी केलेली. जनावर माती सारखी करत नाही, हे कळायला भिंग लागत नव्हतं. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी रोपं मोजली. वाफ्याभोवती बारीक दोरा बांधला. दोरा शाबूत राहिला आणि रोपं अकराने कमी झाली. म्हणजे चोराला दोराही ठाऊक होता.

भिंतीपलीकडे राहायची शिवणकाम करणारी वहिनी. तिची दोन वर्षांची नात तिच्याकडेच असायची, आणि त्या नातीला बाईंचा पालक फार आवडायचा. वहिनी कौतुकाने सांगायची, वाटीभर खाते हो, ताई. आता बाईंना ते कौतुक वेगळंच ऐकू यायला लागलं. वाटीभर रोज येतो कुठून? आपण तर आठवड्यातून एकदाच देतो. वहिनीच्या मागच्या दाराशी स्टूल का ठेवलंय? भिंतीवर फडकं वाळत घालायचं तर दोरी नाही का? संशयाला पाय फुटले की तो भिंतही चढतो.

एके दिवशी त्या भिंतीजवळ जाऊन म्हणाल्या, "वहिनी, मागितला असता तर टोपलीभर दिला असता."

वहिनीने हातातली कात्री खाली ठेवली. काय ते तिला क्षणभर कळलं नाही, मग कळलं. "ताई, मी तुमच्याकडून कधी सुईसुद्धा न विचारता घेतली नाही," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी स्टूल दिसेनासं झालं. बाईंना तोही पुरावाच वाटला.

पुढच्या आठवड्यात वहिनी नातीला घेऊन लेकाकडे गेली, पंधरा दिवसांसाठी. दाराला कुलूप. आणि तिसऱ्याच दिवशी बाईंच्या वाफ्यातली आणखी एक ओळ गेली.

आता घरात दोनच माणसं उरली होती. एक त्या स्वतः.

बाईंनी यजमानांकडे नव्या नजरेने पाहायला सुरुवात केली, आणि काय काय दिसायला लागलं. ते दुकानात जाताना हल्ली एक पिशवी नेत होते. येताना ती रिकामी. ताटात पालक वाढला की आधी शेंगांची भाजी संपवायचे आणि मग विचारायचे, हा कुठल्या वाफ्यातला? छत्तीस वर्षांत ज्याने मीठ कमी का जास्त हे विचारलं नाही, त्याला वाफ्याशी काय करायचंय? कुठेतरी पाणी मुरत होतं. कोणाला नेऊन देतात हे? या वयात? बाईंना हसू आलं, पण संशय गेला नाही.

सकाळी दहाच्या सुमारास त्यांनी मोठ्याने सांगितलं, गिरणीत चालले, गर्दी असेल, दोन तास लागतील. डबा घेऊन कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि मागच्या बोळातून परत आल्या. परसदाराच्या फळकुटाला फट होती. तिथून दिसलं. यजमान भिंतीकडच्या वाफ्यात गुडघे टेकून बसले होते. एकेक रोप मुळासकट उपटत होते, वर्तमानपत्रात गुंडाळत होते, पिशवीत टाकत होते. दोरा त्यांनी आधी सोडवून खिशात ठेवला होता. शेवटी हाताने माती सारखी केली, दोरा पुन्हा होता तसा बांधला, आणि नळाखाली हात धुतले. एकदा नाही, साबण लावून तीनदा. हे पाहून मात्र बाईंचा संशय गोंधळला. कोणाला भेट द्यायची भाजी काढून माणूस असे हात धूत नाही.

त्या आत गेल्या. डबा ओट्यावर ठेवला.

"कोणासाठी नेता?"

यजमान दचकले नाहीत. नुसते पायरीवर बसले. "कोणासाठी नाही. कचऱ्यात टाकतो. दुकानामागच्या."

"का?"

त्यांनी हातातली पिशवी बाजूला ठेवली. मग तुटक तुटक सांगायला लागले. लग्नाच्या आधी, ते शाळेत असताना, त्यांचे वडील याच परसात जुन्या बॅटऱ्या फोडायचे. आतल्या शिशाच्या पट्ट्या कढईत वितळवून लाद्या करून विकायचे. राहिलेली मळी भिंतीशी खड्डा करून पुरायचे. सात-आठ वर्षं चाललं होतं ते. पुढे दुकान निघालं, परसातलं काम बंद झालं. खड्ड्यावर पत्रे टाकले आणि घरात कोणी पुन्हा नाव काढलं नाही.

"शिसं अंगात गेलं तर काय होतं, आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं," ते म्हणाले. "लहान पोरांना तर फारच. तू वाफा काढलास, आणि वहिनीच्या नातीला त्यातला पाला द्यायला लागलीस."

"मला सांगायला तोंड नव्हतं?"

"तू म्हणतेस ना सगळ्यांना, डोळे झाकून खा. माझ्या बापाने पुरलंय खाली, हे कुठल्या तोंडाने सांगू? म्हटलं, उगवेल तसं उपटू. कंटाळून सोडशील."

"आणि बाकीचे दोन वाफे?"

यजमानांनी मधल्या वाफ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं, खड्डा तेवढाच."

वाटलं! बाईंनी आयुष्यात या एका शब्दावर कधी कागद पुढे जाऊ दिला नव्हता. जगातल्या प्रत्येक पुड्यावर त्यांनी संशय घेतला होता, आणि पायाखालच्या मातीला एकदाही विचारलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या दिवशी चूल पेटली नाही.

तिन्ही वाफ्यांची माती तीन पिशव्यांत भरून त्या स्वतः प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. निकाल नऊ दिवसांनी आला. भिंतीकडचा वाफा खाण्याचं काही लावण्याच्या लायकीचा नव्हता. मधला त्याच्यापेक्षा बरा, पण पालेभाजी आणि मुळ्याला नको. दाराजवळचा ठीक. मधल्या वाफ्यात सहा वर्षं पालक आणि मुळाच लावला होता.

कागद घेऊन त्या पाचही घरी गेल्या. एका घरी हसण्यावारी नेलं, एका घरी दार लावून घेतलं. सगळ्यात शेवटी वहिनीचं दार. ती आदल्याच दिवशी लेकाकडून परतली होती. चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्याची लाज एका बाजूला, आणि आता ही बातमी.

"वहिनी, पालक तुम्ही नेला नव्हता, हे मला कळलंय. पण मी ते सांगायला आले नाही. मी दिलेल्या पालकात शिसं असू शकतं. उद्या पोरीचं रक्त तपासून घेऊ. मी येते बरोबर."

वहिनी नातीला पोटाशी धरून उभी राहिली. "तुम्ही नका येऊ," म्हणाली.

तरी बाई गेल्या. दवाखान्याच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिल्या. शिशाचा आकडा थोडा वर आला. डॉक्टर म्हणाले, फार नाही, ती भाजी बंद करा, दूध आणि फळं द्या, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू.

ते तीन महिने बाई यजमानांशी कामापुरतंच बोलल्या. प्रत्येक जुनी गोष्ट त्यांना उलटून पाहावीशी वाटायची. एकदा विचारलंच, "आणखी काय काय पुरलंय?" यजमान म्हणाले, "तुझा शेवयांचा सांजा मला कधीच आवडला नाही." बाई हसल्या नाहीत, पण तो पदार्थ पुन्हा केला नाही. यजमानांनी मात्र दुकान अर्धा दिवस बंद ठेवून भिंतीकडची माती कोणाला तरी विचारून रीतसर उचलून न्यायला लावली, मधल्या वाफ्यावर जाड फरशी टाकली, आणि त्यावर फळ्यांचे चार खोल खोके केले. नवी माती आणली ती आधी तपासून, कागदासकट.

पोरीचं रक्त दुसऱ्यांदा तपासलं तेव्हा आकडा खाली आला होता. ही बातमी बाईंना वहिनीने नाही, डॉक्टरांनी दिली.

खोक्यांत टोमॅटो धरले, पिकले. पहिले सहा घेऊन बाई वहिनीच्या दाराशी उभ्या राहिल्या. वहिनीने पिशवी घेतली नाही. "कागद आहे?" तिने विचारलं.

बाईंनी कागद दिला. वहिनीने तो उंबऱ्यात उभ्या उभ्या वरपासून खालपर्यंत वाचला, एका आकड्यावर बोट ठेवून म्हणजे काय ते विचारलं, पुन्हा पहिल्या ओळीवर गेली. बाई हातात पिशवी धरून थांबून राहिल्या. त्यांना घाई नव्हती.