शीव आली, भाऊ

प्लाझ्म्यावर पीएच.डी. केलेल्या माझ्या बहिणीला शेवटी प्लाझ्माच पुरला नाही.

आज वंदू जाऊन वर्ष झालं.

तिचा प्लाझ्मा रक्तातला नव्हता. सूर्याकडून वाऱ्यासारखा वाहत येणारा, विजेने भारलेल्या कणांचा. पृथ्वीचं चुंबकत्व त्याला जिथे अडवतं, त्या सीमेवर काय घडतं, हा तिचा अभ्यास.

पण आमच्या कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर ६ मध्ये, हे कोण ऐकणार? ती सुट्टीत आली की शेजारच्या काकू ब्लड रिपोर्ट घेऊन हजर.

"वंदू, पाह्य बरं, माहा प्लाझ्मा बराबर आहे का?"

"एकदम फर्स्ट क्लास, काकू. फक्त उन्हात नका फिरू."

मी गावच्या शाळेत शिकलेला, मिलमध्ये नोकरी. मलाही तिने एकदा अंगणात बसवून समजावलं.

मी म्हटलं, "म्हणजे गावाची शीव असते तशी?"

केवढी खूश झाली! "हो भाऊ, शीवच! पण हे एका जागी नाही राहत. वारा जोरात आला का आत सरकते. आन सूर्याकडचं चुंबकत्व आपल्या उलट दिशेचं आलं, का दोघांच्या रेषा तुटून एकमेकीत जुडतात. मंग तिकडचं थोडं इकडे येते."

"मंग देवानं पक्की भिंत कावून नाही बांधली?"

"बांधली असती तं मले नोकरी कोणं देल्ली असती?"

तेव्हापासून शीव हा आमच्या दोघांचा शब्द झाला.

गावी पाहुण्याला शिवेपर्यंत पोचवून मागे फिरतात. मी तिला दुर्ग स्टेशनवर सोडायला जायचो. गाडी हलली की दारातून ओरडायची, "शीव आली, भाऊ! फिर आता!"

मग मी फिरायचो.

मागच्या वर्षी काविळीत तिचं लिव्हर गेलं. डॉक्टर म्हणाले, प्लाझ्मा लागेल.

वंदू डोळे न उघडताच हसली. "भाऊ, वरून मागव ना."

रक्तपेढीतून आणला. आणि खरंच, वरही हात जोडले.

मुक्तिधामातल्या चितेपासून सगळे परत निघाले. माझा पाय उचलेना.

"फिर आता" म्हणणारी नव्हती.

वंदू, रोज पूजेला बसलो की तुझं ते बोलणं आठवतं. तिकडचं थोडं इकडे येतं म्हणालीस.

एक हाक नाही येत का गं?

सुखाने जा, बाई.

मी अजून शिवेवरच उभा आहे.