मधला पडदा

शनिवार, १४ मार्च. लेकीच्या फ्लॅटला पडदे आणि रॉड बसवणे.

माझ्या विहीणबाई जगातल्या कुठल्याही वस्तूवर ती स्वतःच्या अंगावर घेऊन पाहिल्याशिवाय विश्वास ठेवत नाहीत. लेकीच्या लग्नात, भरल्या कार्यालयात, आम्ही दिलेल्या गादीवर त्या डोळे मिटून आडव्या झाल्या होत्या. चक्कर आली समजून आमच्याकडची मंडळी कांदा शोधायला धावली. त्या शांतपणे उठल्या आणि म्हणाल्या, "कापूस चांगला हाय." मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी दुकानदाराच्या शब्दावर स्वतःसाठी घेतलेल्या गादीने माझी पाठ कायमची धरली आहे, आणि त्यांची पाठ या वयातही ताठ आहे.

लेक नर्स आहे, सध्या रात्रपाळीला. सकाळी घरी येते तेव्हा पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट पलंगावर आलेलं असतं. गेला महिनाभर तिला धड झोप नव्हती. एका पहाटे सलाईन लावता लावता तिला डुलकी लागली. शेजारच्या सिस्टरने हात धरला म्हणून निभावलं. तेव्हापासून ती नोकरी सोडायचं बोलू लागली. रडण्यापेक्षा पडदे लावू, असं मी ठरवलं. खिडकीकडून जाळीचा, खोलीकडून जाड, आणि त्यासाठी दुहेरी रॉड. हे कळायचा अवकाश, विहीणबाई पारनेरकडच्या त्यांच्या गावाहून एसटीने हजर. खांद्यावर उंच, काळं बोचकं. कंडक्टरने म्हणे त्याचंही तिकीट मागितलं होतं. "यात काय आहे?" मी विचारलं. "असू द्या," त्या म्हणाल्या.

दुकानदार म्हणाला, "मावशी, हा पडदा म्हणजे पूर्ण अंधार." विहीणबाईंनी तो डोक्यावरून घेतला आणि दुकानाच्या दारात, रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. रिक्षावाले थांबून बघू लागले. पडद्यातून आवाज आला, "इहीनबाई, तुमी डाव्या अंगाला हाय. तुमची पिशवी लाल हाय. ह्यो न्हाई चालायचा." असे दुकानातले झाडून सगळे पडदे झाले. शेवटी मी त्यातल्या त्यात बरा, निळा घेतला. त्यांनी स्वतःच त्याची घडी घालून पिशवीत भरली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

जावयांनी ड्रिलने भोकं पाडून रॉड बसवले. विहीणबाई पलंगावर चढल्या आणि जाड पडद्याच्या रॉडला दोन्ही हातांनी लोंबकळल्या. रॉड मधोमध वाकला. "आई, त्याला पडदा लावायचाय, झोका न्हाई," जावई म्हणाले. "पडदा बी जडच हाय," असं म्हणत त्यांनी बोचकं सोडलं. आत मळ्यातला लोखंडी पाइप होता, आणि तो गुंडाळला होता काळ्या घोंगडीत. पाइप वर चढला. मग जाड सुईने त्या निळ्या पडद्याच्या पाठीला घोंगडी टाचू लागल्या.

"अहो, मेंढ्यांचा वास येईल," मी म्हटलं.

"यील. चार दिसांनी कळायचा बी न्हाई. पाव्हन्यांना निळा दिसंल."

"आणि गावात म्हणतील, यांची सून उन्हं डोक्यावर आली तरी झोपते."

त्यांनी दोरा दाताने तोडला. "म्हनू द्या. आमच्याकडं मोटरीला लाईट रातची. रातभर गव्हाला पानी द्यायचं आन् दिस उगवला की चुलीपुढं बसायचं. जरा पड, आसं कुनी म्हनलं न्हाई. मग गोठ्यात जाऊन ह्याच घोंगडीत तोंड घालून पडायची मी. हिचा अंधार मला ठावं हाय."

म्हणजे हीसुद्धा वस्तू आजमावलेलीच होती. मी सुई घेऊन दुसऱ्या टोकाने टाचायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन गेले, तर विहीणबाई दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर सुपात लसूण सोलत बसलेल्या. बेलच्या बटणावर त्यांनी चिकटपट्टी मारली होती.

"पडलीय," त्या पुटपुटल्या. "हाक मारली, व्हय न्हाई की न्हाई न्हाई."

मी आत गेले नाही, त्यांच्याशेजारी बसले. थोड्या वेळाने भिंतीला डोकं टेकून त्यांचाच डोळा लागला. जिन्याच्या खिडकीतलं ऊन सरकत त्यांच्या तोंडावर आलं. मी अलगद त्यांच्या मांडीवरचं सूप उचललं, दोन पायऱ्या वर जाऊन, माझी सावली त्यांच्या तोंडावर पडेल अशी उन्हाच्या आड बसले आणि उरलेला लसूण सोलला.